लिनक्सवरची परफॉर्मन्स काउंटर लायब्ररी फ्रीबीएसडीवर आणली: चाचण्या हिरव्या, आकडे संशयास्पद

मोजपट्टी (प्रश्न)

प्रोसेसरमधले हार्डवेअर काउंटर (किती इन्स्ट्रक्शन, किती सायकली झाल्या ते मोजणारे) वाचणारी एक सी लायब्ररी आहे. लिनक्सवर ती परफ_इव्हेंट_ओपन हा सिस्टिम कॉल वापरते. तिचा फ्रीबीएसडी पोर्ट (त्या सिस्टिमवर चालणारी आवृत्ती) तयार झालाय. खालचा थर लिबपीएमसीवर (फ्रीबीएसडीची काउंटर लायब्ररी) बसवला, वरचा एपीआय जसाच्या तसा ठेवला. एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम आहेत: इंटेलची स्कायलेक पिढी, हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू, टर्बो बंद, घड्याळ ३ गिगाहर्ट्झला बांधलेलं.

कंपाइल विनातक्रार होतं, चाचण्यांचा अहवालही बराचसा हिरवा येतो. पण छापलेले आकडे दोन्हीकडचे शेजारी ठेवले की असं दिसतं:

१. एका थ्रेडचा साधा लूप, १० कोटी फेऱ्या, प्रत्येक फेरीत २ इन्स्ट्रक्शन. लिनक्सवर २० कोटी आणि वर किरकोळ. फ्रीबीएसडीवर दीड-दोन लाखांनी जास्त, आणि दर वेळी वेगळे.

२. हाच लूप दोन थ्रेडमध्ये, प्रत्येकाचा स्वतःचा काउंटर. दोघांनाही साधारण ४० कोटी मिळतात.

३. पाच सेकंद चालणाऱ्या चाचणीत सायकलींचा आकडा २११ कोटींच्या आसपास. छोट्या चाचण्यांत सायकली ठीक वाटतात.

४. ओव्हरफ्लोच्या (काउंटरने उंबरठा ओलांडला की कळवण्याच्या) चाचणीत एकही सिग्नल येत नाही.

५. मल्टिप्लेक्सिंगच्या (थोड्या काउंटरांवर पुष्कळ इव्हेंट, म्हणजे मोजायच्या घटना, आळीपाळीने मोजण्याच्या) सगळ्या चाचण्या ‘वगळल्या’ म्हणून नोंदल्या जातात.

यातलं काय पोर्टमधलं खरं दुखणं आणि काय दोन सिस्टिममधला फरक? शिवाय किती टक्के फरक आला तर चाचणी पास म्हणायची? सध्या सरसकट ५ टक्के ठेवलेत.

(आदेश आणि नावं इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच नेहमीसारखी.)

---

कर्नलकट्टा

५ टक्के आधी काढून टाका. २० कोटींवर ५ टक्के म्हणजे १ कोटी. तुमचा पहिला दोष दीड लाखाचा आहे, तो या जाळीतून आरामात निसटतो. म्हणून तर अहवाल हिरवा आहे.

लायब्ररीला हात लावण्याआधी खालचा थर जागेवर आहे का ते बघा. केएलडीलोड एचडब्ल्यूपीएमसी (काउंटरचा कर्नल ड्रायव्हर) केल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) एक ओळ येते. तुमच्या मशीनवर तिचा गाभा असा दिसायला हवा:

एचडब्ल्यूपीएमसी: सॉफ्ट/१६/६४ टीएससी/१/६४ आयएपी/४/४८ आयएएफ/३/४८

प्रत्येक गटात आधी नाव, मग काउंटर किती, मग ते किती बिटांचे. आयएपी म्हणजे प्रोग्राम करता येणारे, हायपरथ्रेडिंग चालू असताना दर थ्रेडमागे ४. आयएएफ म्हणजे ठरलेल्या कामाचे ३: इन्स्ट्रक्शन, प्रत्यक्ष सायकली, संदर्भ सायकली. ओळीत फक्त सॉफ्ट (सॉफ्टवेअरचे काउंटर) आणि टीएससी (वेळेचा काउंटर) दिसले तर तिथेच थांबा. बहुधा व्हर्च्युअल मशीन आहे आणि पीएमयू (प्रोसेसरचा मोजणी विभाग) आत पोचलेलंच नाही. अशा ठिकाणी चाचण्या चालवून हाती काही लागत नाही.

मग लायब्ररी बाजूला ठेवून सिस्टिमच्या स्वतःच्या हत्याराने मोजा. लिनक्सवर परफ स्टॅट, फ्रीबीएसडीवर पीएमसीस्टॅट -पी. मोजायचा प्रोग्राम सीमध्ये नको, असेंब्लीत लिहा: रजिस्टरमध्ये फेऱ्यांची संख्या, एक डीईसी (एकाने कमी), एक जेएनझेड (शून्य नसेल तर मागे उडी), बस. दोन्हीकडचे कंपायलर वेगळे असतील तर सी लूपच्या इन्स्ट्रक्शनही वेगळ्या होतात, आणि मग तुम्ही कंपायलरची तुलना करत बसता. डीईसी आणि जेएनझेड प्रोसेसर आत जोडून एकच सूक्ष्म-क्रिया करतो, तरी निवृत्त (पूर्ण झालेल्या) इन्स्ट्रक्शन दोनच मोजल्या जातात, त्यामुळे २एन (एन म्हणजे फेऱ्या) हे गणित बिघडत नाही. मोजायच्या भागात मेमकॉपी किंवा मेमसेट मात्र ठेवू नका. त्यांच्या आत वापरली जाणारी आरईपी मूव्ह्स कितीही बाइट हलवो, ती एकच इन्स्ट्रक्शन धरली जाते, आणि लायब्ररी कुठली वाट पकडेल त्याचा नेम नाही.

आता लक्षण १. इव्हेंटच्या नावामागे ‘कॉमा यूएसआर’ (फक्त युझर बाजू मोजा) लावलेलं नसणार. लिबपीएमसीत यूएसआर किंवा ओएस (कर्नलची बाजू) यांपैकी काहीच दिलं नाही तर दोन्ही चालू होतात. लिनक्सच्या बाजूला तुम्ही एक्स्क्लूड_कर्नल १ ठेवत असाल, त्याचं भाषांतर पोर्टमध्ये राहून गेलंय. १० कोटी फेऱ्या ३ गिगाहर्ट्झवर, दर फेरीला एक सायकल धरली तर ३३ मिलिसेकंदांत संपतात. तेवढ्या वेळात घड्याळाचे जे काही टिक येतील त्यांचा कर्नलमधला खर्च म्हणजे तुमचे दीड-दोन लाख. दर वेळी वेगळे येतात तेही त्यामुळेच.

यूएसआर लावल्यावरही अगदी २०,००,००,००० येणार नाहीत. एक्स८६ वर प्रत्येक हार्डवेअर व्यत्ययामागे आणि पेज फॉल्टमागे निवृत्त इन्स्ट्रक्शनचा आकडा एकाने वाढतो. शिवाय चालू-बंद करणाऱ्या फंक्शनचा युझर बाजूचा भाग. म्हणून मर्यादा एकतर्फी ठेवा:

खालची बाजू: २एन, एकही कमी चालणार नाही.
वरची बाजू: २एन + स्थिर खर्च + त्या अवधीतले व्यत्यय. ३३ मिलिसेकंदांच्या लूपला १,००० चा वाव भरपूर झाला.

कमी येणं आणि जास्त येणं हे दोन वेगळे आजार आहेत. जास्त येण्याला निरुपद्रवी कारणं असतात. निवृत्त इन्स्ट्रक्शन कमी आल्या तर काउंटर उशिरा चालू झाला, लवकर बंद झाला, किंवा कॉन्टेक्स्ट स्विचच्या वेळी (प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे वळताना) बेरीज हरवली.

स्थिर खर्च मोजत बसायचं नसेल तर उताराची चाचणी करा. एन, २एन, ४एन, ८एन अशा फेऱ्या द्या आणि शेजारच्या आकड्यांची वजाबाकी घ्या. स्थिर खर्च वजाबाकीत उडून जातो आणि दर फेरीमागे २.००००० उरायला हवेत. २.००१ आले तरी शोध घ्या.

लक्षण ३ तर कागदावरच सुटतं. ५ सेकंद गुणिले ३ गिगाहर्ट्झ म्हणजे १,५०० कोटी. त्यातून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, तीनदा वजा करा. उरतात २११.५ कोटी. कुठेतरी ६४ बिटांचा आकडा ३२ बिटांच्या चलात पडतोय, बहुधा पीएमसी_रीडच्या भोवती लिहिलेल्या आवरणात. ३ गिगाहर्ट्झवर ३२ बिट १.४३ सेकंदांत भरतात. त्यामुळे सेकंदभराच्या आतल्या चाचण्यांना हा दोष जन्मात दिसणार नाही. एक तरी चाचणी ५ सेकंदांची ठेवाच.

---

धागेदोरे

लक्षण २ चं मूळ रचनेतच आहे. लिनक्सवर परफ_इव्हेंट_ओपनला टीआयडी (थ्रेडचा क्रमांक) देता, काउंटर थ्रेडला चिकटतो. एचडब्ल्यूपीएमसीत पीएमसी_मोड_टीसी प्रोसेसला चिकटतो. पीएमसी_अटॅचला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) जातो, थ्रेडची ओळख देण्याची सोयच नाही. प्रोसेसमधला कुठलाही थ्रेड चालू असला की मोजणी चालू. त्यामुळे दोन थ्रेड, दोघांचे काउंटर, आणि दोघांनाही दोघांची बेरीज. ४० कोटी हा आकडा एचडब्ल्यूपीएमसीच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. तुमचा एपीआय वर ‘थ्रेडचा काउंटर’ म्हणून जे सांगतो ते खोटं ठरतंय.

खात्री करायला दोन थ्रेडना असमान काम द्या: एकाला १० कोटी फेऱ्या, दुसऱ्याला ३० कोटी. दोघांना ८० कोटींच्या आसपास मिळाले तर हेच. समान काम दिलं की ‘दुप्पट’ एवढंच दिसतं, आणि दुप्पट व्हायला इतरही कारणं असतात, उदाहरणार्थ थांबवताना बेरीज दोनदा होणं. चाचणीतलं काम नेहमी असमान ठेवावं.

यावर उपाय म्हणाल तर:

एपीआयमध्ये थ्रेडनिहाय मोजणी मागितली की ‘या सिस्टिमवर उपलब्ध नाही’ असा स्वच्छ एरर द्या. माझं मत यालाच. चुकीचा आकडा देण्यापेक्षा नकार बरा.

किंवा थ्रेड एका कोअरला बांधून सिस्टिम-स्कोपचा काउंटर, म्हणजे पीएमसी_मोड_एससी, त्या सीपीयूवर लावा. पण मग त्या कोअरवर जे जे येईल ते सगळं मोजलं जातं, आणि रूट लागतं. सिक्युरिटी.बीएसडी.अनप्रिव्हिलेज्ड_सिसपीएमसीज १ केलं तर रूटशिवाय चालतं, मूळ किंमत ० असते.

यातून आणखी एक चाचणी निघते. परवानगी नसताना लायब्ररी काय एरर देते? साधा युझर म्हणून सिस्टिम-स्कोप मागा. उत्तर ‘परवानगी नाही’ असं यायला हवं. बऱ्याच पोर्टमध्ये सगळ्या एररनोंचं (एरर क्रमांकांचं) एकाच ‘इव्हेंट नाही’मध्ये लोणचं घातलेलं असतं, मग वापरणारा इव्हेंटचं नाव बदलत बसतो. पापी या काउंटर लायब्ररीत हे नीट वेगळं आहे: -७ म्हणजे इव्हेंटच नाही, -८ म्हणजे इव्हेंट आहे पण काउंटरची सोय होत नाही, -१५ म्हणजे परवानगी नाही. तिचं सीटेस्ट्स फोल्डर एकदा वाचून काढा. नाव पापी असलं तरी त्या फोल्डरात पुण्य बरंच आहे.

मुलांच्या प्रोसेसचंही बघून घ्या. लिनक्सच्या इनहेरिट बिटाला इथे जोडीदार पीएमसी_एफ_डिसेंडंट्स हा ध्वज. चाचणी: आईत एन फेऱ्या, फोर्क, मुलात ३एन फेऱ्या, वेटपीआयडी, मग वाचन. ध्वज असेल तर एकूण ४एन फेऱ्यांचा हिशेब, नसेल तर एनचाच. दोन्ही प्रकार तपासा. ध्वज नसताना ४एन येणं हाही दोषच.

---

सिग्नलशोधक

लक्षण ४ आणि ५ बद्दल.

लिनक्सवर ओव्हरफ्लो झाला की फाइल डिस्क्रिप्टरमार्फत सिगआयओ हा सिग्नल तुमच्या थ्रेडला मिळतो. एचडब्ल्यूपीएमसीत तसं काही नाही. सॅम्पलिंग मोडमधले नमुने कर्नलच्या बफरमधून लॉगमध्ये जातात, तो लॉग पीएमसी_कॉन्फिगर_लॉगफाइलने जोडायचा असतो. त्यामुळे तुमचा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) शून्यदा चालतो, आणि ते अपेक्षितच आहे.

यात एक फसवी जागा आहे. एचडब्ल्यूपीएमसीही सिगआयओ पाठवतो, पण लॉग लिहिताना आय-ओ बिघडला म्हणून. तुमची चाचणी ‘किमान एक सिग्नल आला’ एवढंच बघत असेल तर डिस्क भरल्यावर ती पास होईल! तसंच कोणी मधेच केएलडीअनलोडने ड्रायव्हर काढला तर काउंटर धरून बसलेल्या प्रोसेसला सिगबस येतो. चाचणीचा हँडलर या दोन्ही सिग्नलना ‘अपयश’ म्हणून नोंदवणारा हवा.

ओव्हरफ्लो चाचणीत संख्या तपासा. २० कोटी इन्स्ट्रक्शन, उंबरठा १० लाख, म्हणजे २०० नमुने. लॉग वाचून तेवढ्या नोंदी मोजा, १९९ ते २०१ मान्य. खूपच कमी आल्या तर उंबरठ्यावर संशय घेण्याआधी पीएमसी_गेट_ड्रायव्हर_स्टॅट्समधला ‘बफरफुल’ आकडा बघा. तो शून्य नसेल तर नमुने गळलेत, आणि केईआरएन.एचडब्ल्यूपीएमसी.एनसॅम्पल्स वाढवायला हवं. ते लोडरच्या वेळी ठरतं. उलट १० लाखांऐवजी १०० चा उंबरठा दिलात तर मशीन व्यत्ययांतच गुंतून पडेल. लायब्ररीने किमान उंबरठा स्वतः लादावा आणि त्याखाली एरर द्यावा, आणि त्या एररचीही चाचणी असावी.

मल्टिप्लेक्सिंग लिनक्समध्ये कर्नल करतो आणि तुम्हाला टाइम_एनेबल्ड (इव्हेंट चालू ठेवलेला वेळ), टाइम_रनिंग (प्रत्यक्ष मोजलेला वेळ) देतो. इथे चार आयएपी भरले की पाचवा पीएमसी_अलोकेट सरळ नापास होतो. लायब्ररीला टायमर लावून गट फिरवावे लागतील. ते लिहिलंत तर चाचणी अशी: १० इव्हेंट, ४ काउंटर, म्हणजे ३ गट. प्रत्येक गटाला १० मिलिसेकंद दिले तर एक चक्कर ३० मिलिसेकंदांची. तुमचा ३३ मिलिसेकंदांचा लूप इथे निरुपयोगी, जेमतेम एक चक्कर होते. ३ सेकंद चालेल एवढं काम द्या, १०० चकरा होतात.

आकडा बरोबर आहे का ते ओळखायची युक्ती: एकच इव्हेंट दोन वेगळ्या गटांत घाला. एकसुरी कामावर दोघांचे मोजून वाढवलेले आकडे एकमेकांशी आणि मल्टिप्लेक्सिंगशिवायच्या आकड्याशी १-२ टक्क्यांत जुळायला हवेत. इथे टक्केवारी चालते, कारण हा अंदाजच असतो. आणि टायमरचा सिग्नल आला की रीड, स्लीपसारखे अडून बसणारे कॉल ईआयएनटीआर (मधेच तोडलं) हा एरर घेऊन परततात, हे वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला सोसतं का तेही एका चाचणीत बघा.

---

कॅशकुतूहल

वरचे सगळे इन्स्ट्रक्शनवर बोलले, पण पोर्टमध्ये इव्हेंटचा नकाशा चुकतो तो कॅश, टीएलबी (पानांच्या पत्त्यांची कॅश) आणि ब्रँचमध्ये (अटीवरच्या उड्या). कोड चुकीचा बसला तरी कुठलातरी आकडा येतोच. म्हणून प्रत्येक इव्हेंटसाठी उत्तर आधीच माहीत असलेलं काम हवं.

एल१ (पहिल्या पातळीची कॅश) मिस: ६४ एमबीचा बफर, ६४ बाइटच्या लाइन, म्हणजे १०,४८,५७६ लाइन. प्रत्येक लाइनमध्ये पुढच्या लाइनचा पत्ता, सगळ्या मिळून एकच मोठं चक्र, क्रम यादृच्छिक. साधं शफल केलं तर छोटी छोटी चक्रं तयार होऊ शकतात आणि तुम्ही एल१ च्या ३२ केबीतच गोल फिरत राहता. सॅटोलोची पद्धत वापरली की चक्र एकच होतं. एक फेरी मारली की निवृत्त लोडचे एल१ मिस १०.४८ लाखांच्या अगदी जवळ यायला हवेत. ओळीने वाचलंत तर प्रीफेचर आधीच आणून ठेवतो आणि आकडा कोसळतो.

मोजणीआधी बफरवर लिहिलेलं असलं पाहिजे. लिनक्सवर न लिहिलेली पानं नुसती वाचली तर ती सगळी एकाच सामायिक शून्य-पानाकडे जातात. ६४ एमबी वाचल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात तेच थोडे बाइट पुन्हा पुन्हा. मग लिनक्सचा आकडा शून्याजवळ दिसतो आणि बिचाऱ्या पोर्टवर आळ येतो.

टीएलबी: हेच काम ४ केबीच्या पानांवर १६,३८४ पानं होतं. स्कायलेकचा दुसऱ्या पातळीचा टीएलबी १,५३६ नोंदींचा, त्यामुळे बहुतेक उडी म्हणजे मिस. २ एमबीच्या पानांवर तीच मेमरी ३२ पानांत बसते आणि मिस जवळजवळ शून्य. फ्रीबीएसडी सलग भरलेली पानं आपणहून सुपरपेजमध्ये (२ एमबीच्या पानांत) बढती देतो, लिनक्सवर ते पारदर्शक ह्यूजपेजच्या सेटिंगवर अवलंबून. एकीकडे १० लाख आणि दुसरीकडे दोनशे आले तर दोन्ही बरोबर असू शकतात. तुलनेपुरतं फ्रीबीएसडीवर व्हीएम.पीमॅप.पीजी_पीएस_एनेबल्ड लोडरमधून ० करा, लिनक्सवर ह्यूजपेज ‘नेव्हर’ करा.

ब्रँच: डीईसी-जेएनझेडमध्ये एन ब्रँच आणि चुकलेले अंदाज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चुकलेल्या अंदाजांच्या चाचणीसाठी एक्सॉरशिफ्टने (यादृच्छिक आकडे देणारी पद्धत) बिट काढा आणि त्यावर उडी मारा, निम्म्याच्या आसपास चुकायला हवेत. ठरलेल्या छोट्या तक्त्यातून बिट घेऊ नका. काही हजारांचा नमुना हल्लीचे प्रेडिक्टर पाठ करतात. आणि ही उडीसुद्धा असेंब्लीतच हवी. सीमध्ये ‘इफ’ लिहिलंत तर कंपायलर तिथे सीमूव्ह (उडीशिवाय निवड करणारी इन्स्ट्रक्शन) घालू शकतो, मग ब्रँचच उरत नाही. फ्रीबीएसडीचा मूळ कंपायलर क्लँग आहे, लिनक्सकडे तुम्ही जीसीसी वापरत असाल, म्हणजे एकीकडे ५० टक्के आणि दुसरीकडे शून्य दिसणं अगदी शक्य आहे.

फ्लोटिंग पॉइंट थोडक्यात: स्कायलेकवर एफपी_अरिथ इव्हेंटमध्ये एफएमए (गुणाकार आणि बेरीज एकत्र) दोनदा धरला जातो, आणि रुंदीनुसार वेगळे उप-इव्हेंट असतात. २५६ बिटांच्या डबलचा आकडा ४ ने गुणायचा. २०० बाय २०० मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे २ गुणिले २०० चा घन, १ कोटी ६० लाख क्रिया. बेरीज तिथे पोचते का बघा. हीच चाचणी हॅसवेलवर लावू नका, त्या पिढीत हा इव्हेंटच नाही.

---

मोजपट्टी

@कर्नलकट्टा, दोन्ही निदानं बरोबर निघाली. यूएसआर राहिलं होतं, आणि आवरणातल्या एका स्ट्रक्टमध्ये यूइंट३२ होता. आता उतार २.००००० येतोय आणि ५ सेकंदांत १,५०० कोटी. थ्रेडनिहाय मोजणीला @धागेदोरे म्हणतात तसा नकार दिला.

दोन शंका उरल्यात. काउंटर ४८ बिटांचा आहे, तो भरून उलटल्यावर काय होतं हे तपासायचं कसं? आणि वगळलेल्या चाचण्यांचं काय करायचं?

---

कर्नलकट्टा

३ गिगाहर्ट्झवर ४८ बिट भरायला साधारण २६ तास लागतात, तेवढं थांबायची गरज नाही. पीएमसी_रीडने वाचत असाल तर प्रत्येक कॉन्टेक्स्ट स्विचला कर्नल फरक काढून ६४ बिटांच्या बेरजेत घालतो, उलटणं त्याच्या हातात. तरी थांबलेल्या काउंटरमध्ये पीएमसी_राइटने २ चा ३२ वा घात वजा १,००० आणि २ चा ४८ वा घात वजा १,००० अशा किमती भरा, १० कोटी फेऱ्या चालवा आणि फरक २० कोटी येतो का बघा.

खरा धोका आरडीपीएमसी या इन्स्ट्रक्शनने थेट वाचत असाल तर. तिथे नवा उणे जुना ही वजाबाकी ६४ बिटांत करून मास्क लावला नाही (वरचे जादा बिट कापले नाहीत), तर उलटल्याक्षणी १८ च्या पुढे अठरा आकडे अशी अजस्र संख्या मिळते. मास्कची रुंदी ४८ अशी लिहून ठेवू नका. सीपीयूआयडीच्या (प्रोसेसरची माहिती सांगणारी इन्स्ट्रक्शन) दहाव्या पानातून, ईएएक्सच्या २३ ते १६ या बिटांतून घ्या. जुन्या कोअर २ वर ती ४० असते.

काउंटर गळतीही तपासून घ्या. अलोकेट करा, मुद्दाम चुकीचा दुसरा इव्हेंट घालून एरर घडवा, बाहेर पडा, असं एकाच प्रोसेसमध्ये दहा हजार वेळा. एररच्या वाटेवर पीएमसी_रिलीज राहिला असेल तर चार काउंटरांच्या मशीनवर पाचव्याच फेरीला चाचणी पडते. लिनक्सवर क्लोज केलं की काम भागतं, म्हणून ही चूक पोर्टमध्येच सापडते.

क्रमही. इव्हेंट अ, ब असे जोडा आणि वाचा, मग ब, अ असे जोडून वाचा. लायब्ररीने निकाल जोडलेल्या क्रमाने द्यायचे असतात. हार्डवेअरच्या क्रमाने दिले तर इन्स्ट्रक्शनच्या जागी सायकली येतात, आणि दोन्ही आकडे इतके शोभून दिसतात की कोणाला शंका येत नाही.

---

धागेदोरे

वगळलेल्यांबद्दल: ‘वगळली’ला कारण सक्तीचं करा, आणि प्रत्येक मशीनसाठी अपेक्षित वगळण्यांची यादी फाइलमध्ये ठेवा. यादीबाहेरची एक जरी वगळली गेली तरी एकूण निकाल लाल. नाहीतर ड्रायव्हर लोड करायचा राहिला की सगळ्या चाचण्या वगळल्या जातात आणि अहवाल हिरवा. लोडर.कॉन्फमध्ये एचडब्ल्यूपीएमसी_लोड ‘येस’ करून ठेवा. आपोआप चालणाऱ्या चाचण्या व्हर्च्युअल मशीनवर असतील तर तिथे फक्त कंपाइल आणि एररचे मार्ग तपासा, मोजणीसाठी खरं मशीन लागतंच.

स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळी बघा, बॅश इथे यूएसआर-लोकल फोल्डरखाली असतो. प्रॉक (सिस्टिमची माहिती फाइलींतून देणारं फोल्डर) आपोआप माउंट होत नाही, त्यामुळे सीपीयूइन्फो वाचणारा कोड गुपचूप ‘अज्ञात प्रोसेसर’वर जातो आणि इव्हेंटचा नकाशा रिकामा राहतो. सिसकंट्रोलमधून एचडब्ल्यू.मॉडेल घ्या. सीपीयूला बांधायला टास्कसेटऐवजी सीपीयूसेट -एल. बांधून एकदा चालवा आणि दुसऱ्यांदा मुद्दाम दर मिलिसेकंदाला कोअर बदलत चालवा. यूएसआर इन्स्ट्रक्शनचा फरक फक्त कोअर बदलायच्या कॉलांइतका यायला हवा. खालची मर्यादा तीच: २एनच्या खाली गेला तर सेव्ह-रिस्टोअर गळतंय.

---

मोजपट्टी

कोअर बदलण्याची चाचणी पास झाली, गळतीची पडली: पाचव्या फेरीला, सांगितल्याबरहुकूम. रिलीज घातला.

एक नवी गंमत. ‘पाचवा इव्हेंट नापास झालाच पाहिजे’ अशी चाचणी आहे. हायपरथ्रेडिंग बंद केल्यावर ८ काउंटर मिळतील म्हणून मॅचडेप.हायपरथ्रेडिंग_अलाउड ० केलं, तरी आयएपी/४ च दिसतंय.

---

कर्नलकट्टा

त्या ट्यूनेबलने कर्नल फक्त भावंड थ्रेड वापरत नाही. काउंटरांची वाटणी फर्मवेअर सुरुवातीला करून मोकळं होतं, त्यामुळे सीपीयूआयडी ४ च सांगत राहतो. बायोसमधून बंद करा, मग आयएपी/८ दिसेल. आणि चाचणीतला ४ काढून तिथे डीमेसेजमध्ये दिसणारी संख्या, म्हणजे ईएएक्सचे १५ ते ८ बिट, वाचून अधिक एक करा. लिनक्सवर हीच चाचणी चालवताना एनएमआय वॉचडॉग (कर्नल अडकला का ते बघणारा) बंद ठेवा. तो एक काउंटर धरून बसतो, आणि मग तिकडे पाचव्याऐवजी चौथाच अडू शकतो.